दाऊदभाईच्या मापाची घोडी

सुताराला लोक गाडीबद्दल विचारतात, दाराचौकटीबद्दल विचारतात, फार तर देव्हाऱ्याबद्दल विचारतात. घोडीबद्दल मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा आमच्या मुलानं परस्पर ठरवूनही टाकलं की मी चारठाण्याच्या एका देवळासाठी केलेल्या दारांच्या जोडीबद्दल लिहिणार. ते दार चांगलं झालं होतं, नाही म्हणत नाही. पण दार केलं, बसवलं आणि विसरलो. घोडी विसरता आली नाही, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

घोडी म्हणजे यंत्र बसवायची लाकडी बैठक. चार पाय, वर जाड फळी, आणि पाय फाकू नयेत म्हणून खाली आडव्या पट्ट्या. ऐकायला चौरंगापेक्षा अवघड वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. आमची घोडी होती ती धार लावायच्या यंत्राची. लोखंडी दांड्याच्या दोन टोकांना दोन खरखरीत चाकं, मध्ये पुली, पुलीवर इंजिनाकडून येणारा चामड्याचा पट्टा. पट्टा फिरला की चाकं गरगरतात, आणि त्यांच्यावर लोखंड टेकवलं की ठिणग्या उडतात. आमच्याकडं या यंत्राला सान म्हणत.

मी सांगतोय ते मोगलाईतलं, म्हणजे निजामाचं राज्य होतं तेव्हाचं. आमचं घर चारठाण्याजवळच्या खेड्यातलं. घरात पिढ्यानपिढ्या गाड्या करायचं काम. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांच्या हातची गाडी म्हटलं की शेतकरी बैलांचं नंतर बघू म्हणायचा, आधी गाडीचं सांगून जायचा. त्यांनी मला जे शिकवलं त्यातली एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळंच पुढं माझी फजिती झाली.

बैलगाडी काही सडकेवरून चालत नाही. ती वावरातून, ओढ्यातून, ढेकळांतून जाते. तिचा प्रत्येक सांधा घट्ट आवळून टाकला तर पहिल्याच ओढ्यात ती कुठंतरी तडकते. म्हणून सांध्याला अगदी किंचित मोकळीक ठेवायची. त्याला आम्ही खेळ म्हणतो. हा खेळ किती ठेवायचा हे कोणी मोजून सांगत नाही, ते हाताला कळावं लागतं. खेळ बरोबर असलेली गाडी चालताना करकरते. एखादी गाडी आवाज न करता समोरून गेली की आबा म्हणायचे, "मुकी हाय ही. कुटंतरी मोडणार बग."

मला गाडीकामात गती होती, पण गावात आमच्या घरची माणसंच कामाला पुरून उरत होती. तेव्हा मी सेलूला एका जिनात लागलो. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की तो सुरू व्हायचा आणि उन्हं तापली की थंडावायचा. तिथं सुताराला काम काय, तर फळकुटं ठोकणं, हातगाड्यांची चाकं बसवणं, मोडलेल्या पायऱ्या बदलणं. आबांना ते पसंत नव्हतं. "जिनातला सुतार म्हंजे खिळे मारनारा," एवढंच ते म्हणाले आणि मला जाऊ दिलं.

तिथं मला दाऊदभाई भेटला. तो जिनातला फिटर. राहणारा जिंतूरचा. माणूस इतका उंच की जिनाच्या कोणत्याही दारातून वाकूनच आत यायचा, आणि सवयीनं उघड्यावरही थोडा वाकून चालायचा. हात सतत कापसाच्या बोंदऱ्यानं पुसत असायचा. मराठी बोलता बोलता मधेच दखनीत जायचा आणि दखनीत बोलता बोलता मराठीत परत यायचा, त्याला स्वतःला ते कळायचंही नाही. मी त्याला दाऊदभाई म्हणायचो, तो मला रंगा म्हणायचा. माझं पूर्ण नाव रंगनाथ आहे हे त्याला माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

एकदा त्यानं मला बोलावलं. जिनातल्या सुऱ्यांना धार लावायची सान तोवर विटांच्या ओट्यावर बसवलेली होती आणि ओटा हादरून हादरून फुटला होता. तो म्हणाला, "रंगा, एक घोडी बना दे. मजबूत पायजे. हत्ती बसला तरी मोडली नई पायजे."

मजबूत म्हटल्यावर माझ्या अंगात आबा संचारले. बाभळीचं चांगलं लाकूड निवडलं. एका लाकडाला भोक पाडायचं, दुसऱ्याचं टोक तासून त्यात ठोकायचं, हा आमचा सांधा. मी सगळे सांधे असे केले आणि प्रत्येक सांध्यात अगदी हिशोबशीर खेळ ठेवला. आबांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. घोडी दिसायलाही देखणी झाली. दाऊदभाईनं तिच्यावर सान आवळली, पट्टा चढवला, आणि आम्ही सगळे बघायला उभे राहिलो.

घोडी आधी थरथरली. मग करकरली. ते ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. मग ती चालायला लागली. एक पाय उचलल्यासारखा, मग दुसरा, अशी थडथडत पट्ट्याच्या ओढीनं ती सरळ इंजिनाच्या दिशेनं निघाली. कापूस वेचून निवडणाऱ्या बाया काम टाकून उठल्या. एकजण ओरडली, "अगं बाई, सुताराची घोडी पानी प्यायला निघाली की!" दाऊदभाईनं बांबूनं पट्टा उडवला तेव्हा कुठं ती थांबली. बाया त्यानंतर कितीतरी दिवस मला बघून तोंडाला पदर लावायच्या.

मला वाटलं, आता हा माणूस मला चार लोकांत सोलून काढणार. तो खाली बसला, एक सांधा हातानं हलवून पाहिला आणि हसायला लागला. म्हणाला, "ह्याच्यात जागा कशाला ठेवला रे?"

मी खेळाचं सगळं सांगितलं. ओढा, ढेकळं, मुकी गाडी. त्यानं मन लावून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू गाडी बनवलास रंगा. तुजी गाडी गावाला जाती. ही कुटं जायची नई. हिला हितंच जगायचं, हितंच मरायचं. हिला घट्ट बांद."

मग आम्ही दोघांनी मिळून दुसरी घोडी केली. जिला हलायचं नाही ती वस्तू कशी करतात हे मी त्या कामात शिकलो. सांधा असा की टोक ठोकताना लाकूड किंचाळलं पाहिजे. टोक पलीकडून बाहेर आलं की त्याला मधोमध चीर द्यायची आणि चिरेत पाचर मारायची, म्हणजे ते आत फुगतं आणि पुन्हा निघत नाही. पाय सरळ उभे न ठेवता खाली फाकवायचे. खालच्या पट्ट्यांवर फळी टाकून तिच्यावर नदीतले गोटे रचायचे, म्हणजे वजन तळाशी राहतं. सान सुरू केल्यावर दाऊदभाईनं पाण्यानं भरलेला पितळी पेला घोडीच्या फळीवर ठेवला. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या, पण थेंबभरही सांडलं नाही. तो पेला उचलून त्यानं मला प्यायला दिला. म्हणाला, "ले, पास हो गया तू."

गावी गेल्यावर मी आबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "करकरतच न्हाई? मग ती जिती हाय का मेली, कसं कळायचं?" 

जिन थंडावलं की आम्ही दोघं आपापल्या घरी जायचो आणि पुढच्या हंगामाची वाट बघायचो. कधीतरी अशाच एका उन्हाळ्याच्या तोंडाला, सामान बांधता बांधता, दाऊदभाई म्हणाला की देवगाव फाट्यावर आपलं दुकान टाकू. तिथून जिंतूरकडं रस्ता जातो, सेलूकडं जातो. गाड्या तिथूनच जाणार, मोटारीही तिथूनच जाणार. आणि तिथं लिंबाजी म्हणून एक ओळखीचा माणूस पिठाची गिरणी चालवायचा, तेलाच्या इंजिनावर. त्याच्या शेडला लागून जागा होती. इंजिन त्याचं, पट्टा आपला. "लाकूड तुजं, लोखंड माजं," दाऊदभाई म्हणाला. "गाडीचं चाक आलं तर तू, इंजिनाचा पार्ट आला तर मी. कोनीबी आलं तरी रिकाम्या हातानं परत जायचं नई."

मला त्याआधी काही फारसं हवंसं वाटल्याचं आठवत नाही. घर होतं, काम होतं, सुभद्रा म्हणजे माझी बायको नुकती नांदायला आली होती. पण ते दुकान मला असं हवंसं वाटलं की जेवताना डोळ्यांपुढं यायचं. दोघं शेजारी शेजारी उभे आहोत, त्याच्या बाजूला ठिणग्या उडतायत, माझ्या बाजूला भुसा पडतोय, आणि कोणी मालक हाक मारत नाही. मला आयुष्यात हवं होतं ते एवढंच.

एका बंद पडलेल्या जिनातून दाऊदभाईनं जुनी सान मिळवली आणि ती खोलून, घासून, तेल पाजून नव्यासारखी केली. मी बाभळीचं एक खोड घेतलं आणि दुधना नदीच्या डोहात, चिखलात दाबून ठेवलं. बाभूळ अशी पाण्यात मुरवली की तिच्यातला रस निघून जातो, मग तिला किडा लागत नाही आणि ती चिरतही नाही. पावसाळाभर ती पाण्यात राहिली, मग सावलीत सुकली. दाऊदभाई दर भेटीत विचारायचा, "बाभळी निकली क्या?" जसं काही ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. मी म्हणायचो, लाकडाला घाई चालत नाही.

लाकूड तयार झाल्यावर माप घ्यायची वेळ आली. घोडीची उंची ही मनानं ठरवायची गोष्ट नसते. चाक माणसाच्या कोपराच्या थोडं खाली यावं लागतं. उंच झालं तर खांदे भरून येतात आणि हात वर उचलला जातो. ठेंगणं झालं तर कंबर मोडते आणि तोंड ठिणग्यांत जातं. जिनात त्या चाकावर कोणीही उभं राहायचं, म्हणून तिथं मधलं माप धरलं होतं. इथं ते एकट्या दाऊदभाईचं होतं. मी त्याला सपाट जमिनीवर उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि शेजारी काठी धरून खूण केली.

खूण बघून तो म्हणाला, "लय उंच होती रंगा. बीचमें ठेव. तूबी कदी उभा राहशील की."

"मी कशाला उभा राहू?" मी म्हणालो. "तुमी हाव की."

घोडी त्याच्या मापाची झाली. माझ्या छातीला लागेल एवढी उंच. मी पुष्कळ कामं केली, पण त्या घोडीइतकं निर्दोष माझ्या हातून दुसरं काही झालेलं नाही. पेल्यातल्या पाण्यावर सुरकुतीसुद्धा दिसेना.

दुकान सुरू झालं. मधे कुडाची भिंत, तिच्यातून येणारा पट्टा, पलीकडं लिंबाजीची गिरणी. दळण टाकून बसलेल्या बाया तेवढ्या वेळात विळ्यांना धार लावून घ्यायच्या. दाऊदभाई प्रत्येकीला विचारायचा, "मावशी, भाजी कापायची का सासू?" आणि त्या खुदूखुदू हसायच्या. अशी बोलणी करूनही त्याच्याबद्दल कधी कोणी वाकडा शब्द काढला नाही. मी मोडक्या चाकांचे आरे बदलत असायचो आणि ऐकत असायचो.

एक म्हातारा यायचा, चारठाण्याकडचा. त्याची खुरपी त्याच्या बापाची होती. ती तो चाकावर टेकवूच द्यायचा नाही. म्हणायचा, "लय जोरात फिरतंय. तिला सोसायचं न्हाई." धार तर हवी. एवढ्या लांबून तो चालत आलेला असायचा. दाऊदभाई पट्टा उतरवायचा आणि एका हातानं चाक सावकाश फिरवत दुसऱ्या हातानं त्याची खुरपी धरायचा. माझा चहा थंड होईस्तोवर हे चालायचं. म्हातारा शेजारी उभा राहून खुरपीशी बोलायचा. गेल्यावर मी म्हणायचो, "दाऊदभाई, ह्याच्यापायी बाकीचं गिऱ्हाईक ताटकळलं." तो म्हणायचा, "अरे, त्याचा बाप हाय त्याच्यात."

ते दिवस गेले. कसे गेले ते आमच्या बाजूच्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. मोगलाईचा शेवट जवळ आला होता आणि गावोगाव भीती पसरली होती. ती भीती आधी आमच्या दुकानात गिऱ्हाईक होऊन आली. विळे-कोयते आणणारी माणसं तलवारी आणायला लागली, भाल्यांची पाती आणायला लागली. माझ्याकडचे लोक दाऊदभाई नाही बघून मला गाठायचे, त्याच्याकडचे लोक मी नाही बघून त्याला. दोन्हीकडून एकच मागणं, आपल्या पुरती धार करून दे, त्यांना देऊ नको.

आम्ही दोघांनी यावर बसून चर्चा वगैरे काही केली नाही. एके सकाळी मी आलो तर दाऊदभाई घोडीवर वाकून दोन्ही चाकं काढत होता. ती त्यानं गोणपाटात गुंडाळली आणि लिंबाजीच्या कोंड्याच्या कणगीत तळाशी पुरली. त्यानंतर जो कोणी यायचा त्याला तो रिकामा दांडा दाखवायचा. "चाक फुट गये भाई. मुंबईहून येनार हायत."

"कवा?"

"राज बदललं की येतील," तो म्हणायचा. कोणतं राज, ते विचारायला कोणी थांबायचं नाही.

यामुळं दोन्हीकडचे लोक आमच्यावर नाराज झाले. मला गावातल्या माणसांनी तोंडावर विचारलं की तू कुणाचा आहेस. आबांनी ते ऐकलं आणि घर वऱ्हाडात हलवायचं ठरवलं. तिकडं राज्य दुसरं होतं, सुभद्राचे चुलते तिकडं होते, आणि बरीच कुटुंबं तशी निघाली होती. मला जायचं नव्हतं. पण सुभद्राला दिवस गेलेले, आणि आबांपुढं बोलायची तेव्हा पद्धत नव्हती.

गाडी भरून आम्ही निघालो तेव्हा दाऊदभाई फाट्यावर उभा होता. तो गाडीबरोबर बराच लांब चालत आला. गाडी आबांच्या हातची, करकरत होती. तो आबांना म्हणाला, "चच्चा, लय बोलती तुमची गाडी." आबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. मग तो माझ्या बाजूला आला. मी म्हणालो, "घोडीकडं बगा." तो म्हणाला, "घोडी कुटं जाती रे? तू ये वापस." ओढ्याच्या अलीकडं तो थांबला. वळून पाहिलं तर उघड्या माळावर तसाच थोडा वाकून उभा होता.

त्यानंतर तो मला दिसला नाही.

हिंदुस्थानची फौज आली आणि मोगलाई संपली. रस्ते सुरू झाल्याबरोबर मी सगळ्यांच्या आधी एकटाच परत निघालो. लोक आपली घरं बघायला धावत होते, मी सरळ फाट्यावर गेलो. माझ्याच लोकांचं राज्य आलं होतं, आनंद व्हायला हवा होता आणि झालाही होता. पण जिंतूरकडून जे ऐकू येत होतं त्यानं मी वाटेत कुठं थांबलो नाही. आता भिऊन पळायची पाळी दुसऱ्यांवर आली होती.

दुकानात घोडी होती. तिच्यावर सान होती आणि सानेला दोन्ही चाकं लावलेली होती. पट्टाही चढवून ठेवला होता. नुसतं इंजिन सुरू करायचं बाकी होतं. लिंबाजी कोंड्यानं माखलेला बाहेर आला आणि माझा हात धरून मला बसवलं.

"घरचे लय भ्याले होते त्याच्या," तो म्हणाला. "बायकूच्या भावाकडं हैदराबादला निगाले समदे. मी म्हनलं, दाऊदभाई, जाऊ नगा, मी हाय. तर म्हनला, लेकरं रडायलीत, लिंबाजी. पन जाता जाता हितं उतरला. गाडीतले हाका मारायलेत, आन् ह्यो चाकं बसवायलाय. म्हनला, रंगाला सांग, चालू ठेव. मी येतो."

मी येतो, असं तो म्हणाला होता. मी दुकान चालू ठेवलं.

आता घोडीवर मलाच उभं राहणं आलं. तिच्यापुढं मी म्हणजे ओट्यावरचं भांडं काढायला टाचा उंचावणारं पोर. मी एक जाड फळी तासली आणि तिच्यावर चढून धार लावायला लागलो. फळीवर उभं राहून काम करणं हे चांगल्या कारागिराचं लक्षण नव्हे. पाय मोकळा टाकता येत नाही, मागं सरकलं की तोल जातो. दळणाच्या बायांना चेष्टेला विषयच मिळाला. "मिस्त्री कीर्तनाला उभे राहायलेत," म्हणायच्या.

सुभद्रा सुरुवातीला काही बोलली नाही. मग एकदा मी फळीवरून पडलो आणि कोपर सोलून घरी आलो, तेव्हा म्हणाली, "अवो, पाय कापा की तिचे. करवतीचं काम हाय, किती येळ लागंल?"

मी म्हणालो, बाभूळ जुनी झाली, आता कापली तर सांधे हलतील. ती सुताराची बायको होती. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि हळद आणायला आत गेली. पुढंही दर थोड्या वर्षांनी ती विचारायची आणि मी काहीतरी कारण सांगायचो. एकदा म्हणालो, फाकलेले पाय कापले की तळ तिरपा होतो. एकदा म्हणालो, यंत्राचा पट्टा लांब पडेल. सगळी कारणं खरी होती, आणि कोणत्याही शिकाऊ सुताराला ती दुपारभरात निस्तरता आली असती.

मी वाट बघत होतो, दुसरं काय. दाऊदभाई आला आणि त्यानं बघितलं की रंगानं घोडी आपल्या मापाची करून घेतली, तर त्याला काय वाटेल? तो काही बोलला नसता. हसलाही असता. पण त्याला कळलं असतं की मी त्याची जागा मोडली. मला ते नको होतं.

मधे एकदा हैदराबादहून आलेल्या एका ड्रायव्हरनं त्याचा सलाम आणला. कुठं भेटला, काय करतो, त्याला सांगता आलं नाही. मी तेवढ्यावर हैदराबादला गेलो. लोखंडाची कामं चालतात त्या गल्ल्यांतून उंच माणूस, थोडा वाकून चालतो, जिंतूरचा, असं विचारत हिंडलो. दाऊद नावाचे मिस्त्री पुष्कळ सापडले. सगळ्यांनी चहा पाजला. एकानं तर मी इतका लांबून आलो म्हणून स्वतःच आपण तो दाऊद नसल्याबद्दल माफी मागितली. मी परत आलो आणि फळीवर चढलो.

मग बऱ्याच वर्षांनी, फाट्यावर डांबरी सडक होऊन एस.टी. थांबायला लागली होती तेव्हा, एक पांढऱ्या दाढीचा माणूस उतरला आणि माझं नाव विचारत दुकानात आला. तो दाऊदभाईचा मेहुणा होता. जिंतूरच्या घराचं काहीतरी मिटवायला आला होता. मी त्याला बसायलाही म्हणालो नाही, आधी विचारलं, "कसे हायत?"

त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "गये उन्हाळ्यात. नमाज पढून बसले होते, बसल्या बसल्या गेले."

मी खाली बसलो. तो बोलत राहिला. दाऊदभाई तिकडं दुसऱ्याच्या कारखान्यात सानेवरच होता. तिथली घोडी ठेंगणी होती. जन्मभर तिच्यावर वाकून वाकून त्याची कंबर गेली, शेवटी शेवटी सरळ उभं राहता येत नव्हतं. घरातले म्हणायचे, मालकाला सांगून उंच करून घ्या. तर तो म्हणायचा, "नक्को. माजी घोडी देवगावला हाय. जाना हैच मेरेकू."

"दर ईदला म्हणायचे, अब की बार जाऊंगा," मेहुणा म्हणाला. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "हीच का ती?"

तो घोडीजवळ गेला. वरच्या फळीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग माझी फळी त्याला दिसली.  जाताना त्यानं मला मिठी मारली. सुभद्रानं त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

त्यानंतर सुभद्रानं घोडीचं नाव काढलं नाही. कारण सांगायचं माझ्यावर येऊ नये म्हणूनच तिनं ते टाळलं असणार. एका अमावास्येला, आम्ही सुतार ज्या दिवशी हत्याराला हात लावत नाही त्या दिवशी, मी दुकानात नुसता बसून होतो आणि माझ्या ध्यानात आलं की आता या मापाचं माणूस कुठंच नाही. ते कोपर राहिलं नाही. मग मी कुणासाठी ही उंची सांभाळतोय?

दुसऱ्या दिवशी सान उतरवली. गोटे काढले. घोडी आडवी केली. मी सपाट जमिनीवर उभा राहून हात वाकवला आणि सुभद्राला काठी धरायला सांगितलं. तिनं खूण केली. बाभूळ लोखंडासारखी झाली होती, करवतीचे दात मला मधेच पुन्हा घासावे लागले. पण चारही पाय कापले, तळ तिरपे रंधले, आणि एकही सांधा हलला नाही. घोडी उभी करून सान आवळली, पट्टा चढवला, लिंबाजीच्या मुलाला इंजिन सुरू करायला सांगितलं.

मी जमिनीवर पाय टेकून उभा राहिलो. एक विळा चाकावर धरला. हात कुठंही उचलावा लागला नाही, खांदा भरला नाही, तोल गेला नाही. माप तंतोतंत जमलं होतं. सुभद्रा म्हणाली, "आता कसं, अगदी तुमच्यासाठीच केल्यावानी वाटायलंय." मी हो म्हणालो, आणि चाक फिरत असतानाच मला रडू फुटलं.